काहिलीतला फेस केमिकलचा नसतो

गुऱ्हाळं सुरू झाली की व्हॉट्सअॅपवर एक व्हिडिओ हमखास फिरतो. काहिलीत, म्हणजे उसाचा रस आटवायच्या मोठ्या कढईत, फेस काठापर्यंत चढलाय, एक जण वाटीतून त्यात तेल सोडतोय आणि खाली मजकूर: 'खऱ्या रसाला फेस येत नाही, हा केमिकलचा फेस. तो दाबायला तेलाची भेसळ. भेंडीच्या गुळाला फेस नसतो. घरी गूळ पाण्यात घालून बाटली हलवा, फेस आला तर साबणाची पावडर समजा.' यातलं एकेक घेऊ.

रसाला फेस येत नाही, असं लिहिणाऱ्याने आदण, म्हणजे काहिलीतला एका वेळचा रस, चढलेलं कधी बघितलेलं नाही. उसाच्या रसात साखरेसोबत प्रथिनं असतात, डिंकासारखे चिकट पदार्थ असतात, कांड्यावरच्या मेणाचा अंश असतो. रस तापत आला की यातलं बरंच काही गोठून वर येतं. ती मळी. काळपट, जाड, वास मारणारी. गुळव्या, म्हणजे गूळ बनवणारा कारागीर, ती झाऱ्याने काढतो आणि उकळी फुटायच्या आत काढतो, कारण एकदा खळखळ सुरू झाली की मळी पुन्हा रसात मिसळते आणि गूळ काळा पडतो. दुसरा फेस नंतरचा. पाणी आटून रस घट्ट होत जातो, वाफेचे बुडबुडे लवकर फुटत नाहीत, एकावर एक चढत जातात. चुलवणात, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीत, चिपाडं जरा जास्त पडली की काहील उतू गेलीच. म्हणजे दोन्ही फेस रसाचेच. कॅनडातल्या क्युबेकमध्ये मेपलच्या झाडाचा रस आटवून पाक करतात, त्यालाही असाच फेस येतो. तिथे ऊस नाही आणि आपल्या गुऱ्हाळातलं काहीच नाही.

आता तेल. घट्ट होत आलेल्या रसात शेंगतेल किंवा एरंडेल थोडंसंच सोडतात. तेल बुडबुड्याच्या पातळ पडद्यावर पसरतं, पडदा तिथे कमजोर होतो आणि बुडबुडा फुटतो. बघताना जादूच वाटते: डोंगराएवढा फेस क्षणात खाली बसतो. मेपलवाल्यांनी याच कामासाठी पूर्वी लोणी वापरलं, कढईवर डुकराच्या चरबीचा तुकडाही टांगला; आता बरेच जण वनस्पती तेलाचे थेंब टाकतात. भेसळ वजन वाढवायला करतात. शेकडो लिटर रसात एवढ्याशा तेलाने वजन काय वाढणार? शिवाय हात सैल सुटला तर गुळाला तेलाचा वास धरतो, ठेवल्यावर खवट लागतो, म्हणजे नुकसान गुऱ्हाळवाल्याचंच. जुनं, खवट तेल वापरणारे आहेत, त्यांना जरूर झापा.

भेंडीबद्दलचा गैरसमज गोड आहे, पण गैरसमजच. रानभेंडीची खोडं ठेचून पाण्यात भिजवली की बुळबुळीत पाणी निघतं. ते रसातल्या बारीक घाणीला धरतं आणि मळीबरोबर वर आणतं. भेंडीचं काम रस निवळण्याचं, फेस बसवण्याचं नाही. भेंडी टाकली की उलट वर येणारा थर जाडच दिसतो. भेंडी वापरणारा गुळव्याही पुढे फेस चढला की तेलाची वाटी घेतोच.

बाटली हलवायची चाचणी तर सोडूनच द्या. मळी कितीही काढली तरी रसातले थोडे पदार्थ गुळात राहतात, त्यामुळे चांगला गूळही पाण्यात हलवल्यावर फेसाळतो. गुळात धुण्याचा सोडा मिसळलाय का ओळखायचं तर गुळाच्या पाण्यात आम्ल टाकून बुडबुडे येतात का बघतात. ती वेगळी चाचणी आहे, हलवण्याशी तिचा संबंध नाही.

मग गुऱ्हाळात केमिकल नसतंच का? असतं. हायड्रॉस (सोडियम हायड्रोसल्फाइट, रंग उडवणारं रसायन) सर्रास वापरतात, पण फेसासाठी नाही, रंगासाठी. बाजारात पिवळ्याधमक ढेपेला भाव मिळतो, काळपट ढेपेला पाडून मागतात, म्हणून रस ब्लीच करतात. तो रंगही टिकत नाही, साठवणीत गूळ पुन्हा काळवंडत जातो. व्हिडिओ करणाऱ्याला पकडायचं होतं ते हे, आणि त्याने कॅमेरा धरला तेलाच्या वाटीवर. बाटली हलवत बसण्यापेक्षा ढेप घेताना गुऱ्हाळवाल्याला सरळ विचारा, आदणाला हायड्रॉस किती टाकता? आणि पिवळ्याच ढेपेचा हट्ट आधी आपण सोडा.