ग्राफिक्स कार्ड घेताय? फक्त जीबी मोजा

ग्राफिक्स कार्ड घ्यायचं ठरलं की खोक्यावरचा सगळ्यात मोठ्या अक्षरातला आकडा वाचायचा. तो बहुधा मेमरीचा असतो. जितके जीबी जास्त तितकं कार्ड भारी, इतकं सरळ गणित असताना काही लोक उगाच तक्ते वाचत बसतात.

तेव्हा मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, दुकानात शिरा आणि खणखणीत आवाजात सांगा, '४ जीबीचं स्वस्तातलं स्वस्त द्या.' हातात जीटी ७३० पडेल. मॉडेल २०१४ सालचं, मेमरी ४ जीबी, डीडीआर३ या जुन्या, संथ जातीची, आणि ती वाचायची वाट ६४ बिटांची. म्हणजे सेकंदाला १४ जीबीच्या आसपास डेटा जाणार-येणार. रांजण मोठा, पाणी काढायला चहाचा चमचा. शेजारीच जीटीएक्स १६५० असेल. जीडीडीआर५ ही वेगवान मेमरी असलेल्या त्या कार्डावरही ४ जीबीच, पण वाट १२८ बिटांची आणि वेग सेकंदाला १२८ जीबी. जीबी दोन्हीकडे चारच आहेत, मग वरचे पैसे कशाचे, असं दुकानदाराला दरडावून विचारा. तो वाद घालणार नाही. जीटी ७३० खपवायची त्यालाही घाई असते. रायझन ५ ५६००जीसारख्या प्रोसेसरच्या पोटातले ग्राफिक्स या कार्डाला सहज मागे टाकतात, पण ते खोक्यातून वेगळे निघत नाहीत. हातात वस्तू आल्याचं समाधान त्यात कुठलं?

नावावर तर डोळे मिटून विश्वास ठेवा. जीटी १०३० आलं २०१७ साली, जीडीडीआर५ मेमरीसह, सेकंदाला ४८ जीबी वेगाचं. २०१८ साली त्याच नावाने डीडीआर४ मेमरीचं आलं, वेग १६.८ जीबी. दोन्हीवर २ जीबी. खोक्यावर बारीक अक्षरांत फरक लिहिलेला असतो, पण बारीक अक्षरं वाचायला आपण काय वकील आहोत? आरटीएक्स ३०५०चंही तसंच. ८ जीबीच्या कार्डात २५६० कोअर, म्हणजे हिशेब करणारे कामगार, आणि १२८ बिटांची वाट. २०२४ साली आलेल्या ६ जीबीच्या कार्डात २३०४ कोअर आणि ९६ बिट. नाव मात्र दोघांचं एकच. हे ६ जीबीचं कार्ड ७० वॉटमध्ये भागतं, त्याला वेगळी पॉवर केबल लागत नाही, आणि कमी ताकदीच्या एसएमपीएसच्या (वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) ब्रँडेड मशीनमध्ये ते निमूट चालतं. म्हणूनच तुमच्यासारख्या ब्रँडेड मशीनवाल्याने ते चुकूनही घेऊ नये.

एवढं जीबी-जीबी केल्यावर, जिथे जीबीला खरोखर किंमत आहे तिथे मात्र हात आखडता घ्या. आरटीएक्स ४०६० टीआय ८ आणि १६ अशा दोन्ही जीबींत मिळतं. चिप तीच, वाट तीच १२८ बिटांची. नव्या गेममध्ये टेक्स्चर, म्हणजे वस्तूंवरचं बारीक चित्रकाम, सगळ्यात वर ठेवलं की ८ जीबी भरून वाहू लागते, मग फ्रेमचा, म्हणजे सेकंदाला निघणाऱ्या चित्रांचा, सरासरी आकडा छान दिसतो आणि खेळताना दर वळणावर धक्के बसतात. अशा वेळी 'आठ पुरे झाले की' म्हणायचं आणि वाचलेल्या पैशांत रंगीत दिव्यांचे तीन पंखे घ्यायचे.

मदरबोर्ड जुना असेल तर आरएक्स ६५०० एक्सटीसारखा जोडीदार नाही. या कार्डाला पीसीआय एक्स्प्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या रस्त्याच्या, चारच लेन आहेत. चौथ्या पिढीच्या स्लॉटमध्ये त्या चालून जातात. तुमच्या तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर त्यांचा वेग निम्मा होतो. त्यात मेमरी ४ जीबी. ती भरली की उरलेला माल याच अरुंद वाटेने रॅममधून येणार. शिवाय यात व्हिडिओ एन्कोडर (व्हिडिओ आवळून साठवणारा भाग) नाही, म्हणजे स्ट्रीमिंग किंवा रेकॉर्डिंग करताना सगळं ओझं प्रोसेसरवर. युट्यूब चॅनल काढायचा विचार असेल तर हेच घ्या.

आता एसएमपीएस. तो कॅबिनेटसोबत फुकट आलेला आहे आणि त्यावर '४५० वॉट' असं ठसठशीत छापलंय. त्याच्या बगलेवरचा तक्ता बघू नका. तिथे १२ व्होल्टच्या रांगेत १८ अँपिअर लिहिलेलं असेल तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॉट, एवढाच कार्डाच्या आणि प्रोसेसरच्या वाट्याचा शिधा. आरटीएक्स ३०६० एकटं १७० वॉट मागतं, आय५-१२४००एफ जोर लावताना ११७ वॉटपर्यंत जातो. बेरीज करायची नाही, कारण एनव्हिडियाने या कार्डासाठी ५५० वॉटचा एसएमपीएस सुचवलाय तो भित्र्यांसाठी.

कार्डाला आठ पिनांची केबल हवी आणि एसएमपीएसला ती नाही? शे-दीडशे रुपयांत साटा (हार्ड डिस्कला वीज देणारी केबल) ते आठ पिन असा जोड मिळतो. साटाचा पॉवर कनेक्टर १२ व्होल्टवर ५४ वॉटपर्यंत पेलतो आणि आठ पिनांतून कार्ड १५० वॉट ओढू शकतं, पण प्लास्टिक वितळायला लागलं की वास येतोच. वेगळा सेन्सर कशाला?

यापुढचा क्रम पाठ करून ठेवा. डेस्कटॉप उत्तम चालेल, पिक्चर उत्तम चालेल, गेमचा पहिला प्रसंग सुरू होताच मशीन फटकन बंद होऊन पुन्हा चालू होईल. लगेच विंडोज नव्याने टाका. तरी झालं तर ड्रायव्हर बदला, मग रॅम काढून खोडरबराने घासा. एसएमपीएसवर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा, तोही तो बोर्डाला सोबत घेऊन गेल्यावर.

कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेले रिफर्बिश्ड डेस्कटॉप स्वस्त मिळतात, तेव्हा त्यातलं सगळ्यात सडपातळ निवडा. त्यात निम्म्या उंचीचंच कार्ड बसतं. एसएमपीएस २००-२५० वॉटचा, त्यातून कार्डासाठी केबल निघत नाही. तो बदलू म्हणावं, तर आकार कंपनीचा स्वतःचा आणि बऱ्याच मॉडेलांत मदरबोर्डचा प्लगही नेहमीच्या २४ पिनांचा नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो इथेच शिजतो. घरी जोडलेल्या मशीनमध्ये निदान जागा असते, असं वाटून टेप काढू नका. ३०० मिलिमीटरच्या पुढचं कार्ड समोरच्या पंख्याला किंवा रेडिएटरला अडलं तर हार्ड डिस्कचा पिंजरा करवतीने कापता येतो. त्या वेळी बोर्ड आतच राहू द्या. लोखंडाचा कीस त्यावर पडला की शॉर्टसर्किट कुठे झालं हे शोधायला काम मिळतं.

सेकंडहँड घ्यायचं तर विक्रेत्याचा शब्द पुरे. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग, म्हणजे कार्डं रात्रंदिवस राबवून नाणी कमावणं, बंद झालं आणि ढिगाने कार्डं बाजारात आली; प्रत्येक जण 'फक्त मुलगा गेम खेळायचा' असंच सांगतो. मायनिंगमध्ये राबलेल्या कार्डाची चिप बहुधा ठीक असते, पंख्यांचे बेअरिंग आणि मेमरीवरचे थर्मल पॅड (उष्णता बाहेर नेणाऱ्या मऊ पट्ट्या) थकलेले असतात. म्हणून अर्धा तास लोड देऊन मेमरीचं तापमान बघायचा हट्ट धरू नका, त्याचा अपमान होईल. कुणी जीटीएक्स १०५० टीआय देतोय आणि मागे निळं व्हीजीए पोर्टही आहे? दुधात साखर! त्या पिढीच्या चिपमधून व्हीजीएचा ॲनालॉग सिग्नल निघतच नाही, म्हणजे आत जुनी चिप घालून वर नवा बायॉस (कार्डाची ओळख सांगणारा आतला प्रोग्रॅम) चढवलेला असण्याची शक्यता दांडगी. जीपीयू-झेड नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर अशी बरीच कार्डं मिनिटभरात पकडतं, तेव्हा ते पैसे देऊन घरी आल्यावरच उघडा.

मॉनिटर? आहे तोच, ६० हर्ट्झचा. कार्ड सेकंदाला १८० फ्रेम काढेल, त्यातल्या ६० दिसतील, बाकीच्या मनाने बघा.

शेवटचं काम केबलचं. एचडीएमआय केबल नव्या कार्डात न खोचता वर मदरबोर्डच्या पोर्टात खोचा, तिथे हात सहज पोचतो. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' अक्षर असेल तर त्यात ग्राफिक्सच नसल्याने पडदा काळा राहील. दुकानदाराला फोन करून कार्ड खराब निघालं म्हणून खडसवा. प्रोसेसर बिनएफचा असेल आणि बोर्डाने आतले ग्राफिक्स चालू ठेवले असतील तर मात्र चित्र लगेच येईल, आणि गेमही त्यांच्यावरच रखडत चालेल. टास्क मॅनेजरमध्ये नव्या कार्डाचा वापर ० टक्के, तापमान चाळिशीच्या आत, पंखे बंद. आता ऑनलाइन जाऊन पाच तारे द्या आणि लिहा, 'कूलिंग अप्रतिम. गेम खेळतानाही कार्ड अजिबात तापत नाही.'