१४० चा जेट आणि मालवणचा पिस्टन : एका प्रतिक्रियेला उत्तर

साहेब, पिस्टन, रिंगा, बोअरिंग आणि महिनाभर किनाऱ्यावर पडून राहिलेली होडी, हे सगळं माझ्या लेखामुळे झालं असं तुम्ही लिहिलंय. त्यातलं निम्मं मला मान्य आहे. कुठलं निम्मं, त्यासाठी हे लांबलचक उत्तर.

बाकीच्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. २०१९ च्या मे महिन्यात इंदिरा सागर धरणाच्या पाण्यावर एका ओळखीच्यांच्या टू-स्ट्रोक आउटबोर्डचा (होडीच्या मागे बाहेरून लावायच्या इंजिनाचा) मेन जेट, म्हणजे फुल थ्रॉटलला किती पेट्रोल जायचं ते ठरवणारं बारीक भोक, मी १४५ वरून १४० केला. ४० हॉर्सपॉवरचं, दोन सिलेंडरचं इंजिन. वरच्या आरपीएमला अडखळत होतं ते थांबलं, आणि मी खुशीत इथे लेख टाकला. ह्या गृहस्थांनी यंदा जानेवारीत तसल्याच इंजिनात १४० घालून मालवणला होडी पळवली. तिसऱ्या फेरीत वरचा सिलेंडर सीज, म्हणजे पिस्टन आत अडकून बसला. आता त्यांचं म्हणणं असं, की समुद्र नसलेल्या गावच्या माणसाने बोटींवर लिहूच नये. पाण्याच्या पिंपात पंखा बुडवून अर्धा तास झकास वाजलेलं इंजिन पाण्यात गेल्यावर बसतं, म्हणजे आकडाच खोटा. आणि स्पार्क प्लगचा रंग बघून जेट ठरवणं म्हणजे पत्रिका बघणं, आता एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारे सेन्सर मिळतात.

समुद्राचं आधी. इंदुरात तो नाही, कबूल. पिपलियापाल्याच्या तलावातल्या पायडल बोटी मी हिशोबात धरत नाही. पण जेटला खाऱ्या-गोड्या पाण्याशी घेणं नसतं. हवा किती घट्ट आहे आणि पेट्रोलात काय मिसळलंय, एवढ्यावर त्याचं गणित चालतं. ते गणित मी तुमची प्रतिक्रिया आल्यावर, म्हणजे सहा वर्षं उशिरा, मांडलं.

हवा घट्ट झाली की मिश्रण लीन होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं आणि इंजिन जास्त तापतं), पण सरळ प्रमाणात नाही, वर्गमुळाच्या प्रमाणात. हवा १० टक्के घट्ट झाली तर मिश्रण साधारण ५ टक्के लीन. इंदिरा सागरची पूर्ण जलपातळी २६२ मीटर. तिथून समुद्रसपाटीला उतरलं की हवा जेमतेम अडीच टक्के घट्ट होते. खरी गडबड तापमानाची. माझा मे महिना ४२ अंशांचा. तुमची जानेवारीतली सकाळ विशीतली धरली तर तेवढ्यानेच हवा आणखी ७ टक्के घट्ट. उंची आणि थंडी मिळून मिश्रण सुमारे ५ टक्के लीन झालं. लोक उंचीचा बाऊ करतात म्हणून एक तुलना सांगून ठेवतो: इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे आणि त्या उंचीने हवा पाचेक टक्केच विरळ होते, पण मेच्या दुपारी ४२ आणि जानेवारीच्या पहाटे १० अंश, ह्यात इंदुरातल्या इंदुरात ११ टक्क्यांचा फरक पडतो.

आणि मग पेट्रोल, जे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. २०१९ च्या सुमारास देशभराची सरासरी धरली तर पेट्रोलात इथेनॉल ५ टक्क्यांच्या आसपास होतं. आता पंपावर २० टक्के. साध्या पेट्रोलला एका भागामागे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९, कारण ऑक्सिजन त्याच्या अंगातच असतो. ५ टक्क्यांच्या मिश्रणाला १४.४ च्या आसपास हवा लागते, २० टक्क्यांच्याला साडेतेरा. म्हणजे जेट तोच, भोक तेच, आणि इंजिन ६ टक्क्यांनी लीन. त्यात वरचे ५ मिळवा. तुमची होडी माझ्या आकड्यावर ११ टक्के लीन पळत होती. कुठल्या महिन्यात, किती तापमानाला, कोणत्या पेट्रोलावर, ह्यातलं काहीही न लिहिता मी नुसता आकडा दिला, आणि वर शीर्षक काय, तर ‘एक जेट, दहा मिनिटं’. हे निम्मं माझं. लेखाच्या डोक्यावर आता तारीख, तापमान आणि पेट्रोल तिन्ही घातलंय, शीर्षकही बदललंय.

आता पिंपाबद्दल. इथे मी तुमच्याशी भांडणार. पिंपात इंजिनावर लोड कुठे असतो? पंखा तेच फेसाळलेलं पाणी घुसळत बसतो आणि थ्रॉटल पाव-अर्ध्याच्या वर कोणी नेत नाही. मेन जेटचा खरा अंमल वरच्या थ्रॉटललाच असतो. पिंपात तुम्ही तपासलंत ते आयडल सर्किट (कमी थ्रॉटलला पेट्रोल देणारी वेगळी वाट), आणि तो जेट तर आपण बदललाच नव्हता. मोटरसायकलवर लीन खपून जातं, कारण रस्त्यावर फुल थ्रॉटल मिळतो तो काही सेकंद. पुढे म्हैस, नाहीतर सिग्नल. पाण्यावर मूठ पूर्ण पिळली की पाच-पाच मिनिटं तशीच राहते. शिवाय ह्या इंजिनात ऑइल पेट्रोलातूनच जातं, ५० ला १. १४५ चा १४० केला की पेट्रोल ७ टक्के घटतं आणि त्याच्यासोबत पिस्टनला मिळणारं ऑइलही तेवढंच घटतं. गरम व्हायला आणि सुकायला एकच वेळ येते.

सेन्सरचं म्हणाल तर फोर-स्ट्रोकवर मीही लावला असता. टू-स्ट्रोकमध्ये न जळलेला ताजा चार्ज (पेट्रोल-हवेचं मिश्रण) थोडा थेट एक्झॉस्टमध्ये निसटतो, त्यातला ऑक्सिजन सेन्सरला दिसतो आणि तो खोटं लीन दाखवतो. आउटबोर्डच्या एक्झॉस्टमध्ये तर कूलिंगचं पाणीही सोडलेलं असतं. एक शिंतोडा उडाला की सेन्सर गेला. म्हणून प्लग. मात्र तुमच्या टोमण्यात तथ्य आहे ते असं: प्लगच्या टोकाचा रंग बघून निकाल देणारे आजही आहेत, आणि ती सवय शिशाच्या पेट्रोलची आहे, जे २००० सालीच देशभर बंद झालं. आता बघायचं ते पोर्सेलीनच्या बुडाशी, जिथे ते धातूत शिरतं तिथलं बारीक कडं. नवा कोरा प्लग, फुल थ्रॉटलवर सरळ रेघेत पळ, आणि तिथल्या तिथे डोरी खेचून इंजिन बंद. आयडलला आणून बंद केलं तर आयडलचा रंग वाचाल. दोन्ही सिलेंडरचे प्लग काढायचे, एकाचा बघून दुसऱ्याचा अंदाज नाही.

हे करताना एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. पळती बोट अशी एकदम बंद केली की ती बसते आणि तिचीच मागची लाट ट्रान्समवरून, म्हणजे मागच्या फळीवरून, आत येते. मी घोटाभर पाण्यात चाचपडत प्लगचा पाना शोधत होतो, घड्याळजीचं भिंग दातात, आणि बोटीचे मालक डबा घेऊन पाणी उपसत मला काय काय म्हणत होते ते इथे लिहिण्याजोगं नाही. तेव्हा मागे वजन ठेवू नका आणि डबा जवळ ठेवा.

तुमचा जेट मात्र एकदा मोजाच. ह्या जेटांवर १४० म्हणजे १.४० मिलिमीटरचं भोक. सियागंजातून आणलेल्या ड्रिलची १.४० ची दांडी माझ्या जेटात अलगद बसायची, १.४५ ची बसायची नाही. नंतर बाजारातून सुटे घेतलेल्या तीन ‘१४०’ जेटांपैकी एकात १.३५ चीसुद्धा गेली नाही. तुमचा तसला निघाला तर ११ टक्के हा माझा हिशोब फारच सौम्य म्हणायला हवा. ड्रिल फिरवून भोक मोठं करू नका, तारेने खरवडूही नका. कड खडबडीत झाली की आकड्याला काही अर्थ उरत नाही.

नव्या बोअरवर सुरुवात १५० ने करा. १४० च्या तुलनेत ते १५ टक्के जास्त पेट्रोल देतं, म्हणजे थोडं रिच (पेट्रोल जास्त) पळेल आणि वर अडखळेल. अडखळू दे. रिंगा बसल्या की, दुपारच्या उन्हात नव्हे तर सकाळच्या थंड हवेत, प्लग बघून १४७.५ वर या. त्याच्या खाली मी तरी जाणार नाही. त्याआधी टॅकोमीटर लावून फुल थ्रॉटलचे आरपीएम कंपनीने दिलेल्या पट्ट्यात येतात का ते पाहा. पंख्याच्या पिचमधल्या (एका फेऱ्यात पुढे सरकायच्या अंतरातल्या) एका इंचाने दीड-दोनशे आरपीएमचा फरक पडतो, आणि पंख्याची चूक जेटने सुधारायला गेलेले लोक मी पाहिलेत.

शेवटची शंका. सीज लीनमुळेच झालं हे आपण दोघंही धरून चाललोय. इंजिन थंड ठेवणाऱ्या वॉटर पंपाच्या इंपेलरच्या (आतल्या फिरत्या चाकाच्या) पात्या झिजल्या असतील, तरी वरचा सिलेंडर असाच जाईल. ओरखडे फक्त एक्झॉस्ट पोर्टच्या बाजूला आहेत की सगळीकडून, पिस्टनचा माथा वितळलाय की नाही, ह्यावरून बरंच कळतं. जुना पिस्टन भंगारात दिला नसेल तर त्याचा फोटो टाका, एक्झॉस्टची बाजू उजेडाकडे करून. आणि इंपेलरचाही.