रोबोट्स फाइलने दार लावलं, तरी जुनं डोमेन शोधातून जात नाही

कंपनीचं नाव बदललं, नवं डोमेन सुरू झालं, तरी गूगलवर जुनाच पत्ता वर येतो. त्यावर एक तयार उपाय सगळीकडे फिरतो: "रोबोट्स डॉट टीएक्सटीमध्ये 'डिसअलाउ' लिहा, सर्च कन्सोलमधून 'रिमूव्हल' टाका, डोमेन रिन्यू करू नका. २४ तासांत विषय संपतो." रोबोट्स डॉट टीएक्सटी ही शोधयंत्रांच्या बॉटना सूचना देणारी साइटवरची फाइल. सर्च कन्सोल हे साइटमालकांसाठी गूगलचं साधन, आणि त्यातलं 'रिमूव्हल' म्हणजे पान निकालातून काढायची विनंती. हा सल्ला ऐकून काम वाढतं, आणि त्यातली शेवटची पायरी तर धोक्याची आहे.

"डिसअलाउ लिहिलं की पानं जातात." जात नाहीत. डिसअलाउ क्रॉलरला, म्हणजे पानं वाचत फिरणाऱ्या बॉटला, 'हे पान वाचू नको' एवढंच सांगतं. 'इंडेक्समधून (शोधाच्या यादीतून) काढ' असं नाही. बाहेरच्या साइटवरून लिंक येत असतील तर नुसता पत्ता वर्णनाशिवाय निकालात राहू शकतो. त्याहून वाईट म्हणजे ३०१ रीडायरेक्ट (पान कायमचं नव्या पत्त्यावर गेलं), ४१० (पान कायमचं काढलं) किंवा नोइंडेक्स (हे पान शोधात दाखवू नका) यांपैकी काहीही लावलं तरी बॉटला ते दिसत नाही, कारण तो पानापर्यंत पोचतच नाही. रोबोट्स फाइलमध्येच नोइंडेक्स लिहायची युक्ती गूगलने १ सप्टेंबर २०१९पासून मानणं बंद केलं. तेव्हा जुन्या डोमेनवर बॉटला मोकळं येऊ द्या.

"रिमूव्हल कायमचं असतं." हे साधन निकाल फक्त लपवतं, तेही सुमारे ६ महिने. बिंगच्या वेबमास्टर टूल्समधला तसा ब्लॉक ९० दिवस टिकतो. मुदतीत मूळ पान हटलं नाही, तर ते परत दिसू लागतं. गोपनीय फाइल उघडी पडली असेल तर हे साधन जरूर वापरा. पण पक्कं काम सर्व्हरवरच होतं.

नवं डोमेन असेल तर पान-ते-पान ३०१ लावा. सगळं एकगठ्ठा नव्या होमपेजवर ढकललं तर गूगल त्याला सॉफ्ट ४०४, म्हणजे 'पान खरं तर सापडलंच नाही', असं समजू शकतं. एचटीटीपी, एचटीटीपीएस, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याशिवाय अशी चारही रूपं तपासा. जुन्या डोमेनचं एचटीटीपीएस सुरक्षा सर्टिफिकेटही चालू हवं. ते संपलं की एचटीटीपीएसवरून येणाऱ्या माणसाला रीडायरेक्टऐवजी धोक्याची सूचना दिसते. मग सर्च कन्सोलमध्ये 'चेंज ऑफ ॲड्रेस' भरा, म्हणजे साइट हलल्याचं गूगलला कळवा. त्यासाठी दोन्ही डोमेनची मालकी एकाच खात्यात सिद्ध झालेली लागते. इथे एक गोष्ट हमखास बिघडते. मालकी एचटीएमएल फाइलने सिद्ध केलेली असेल, तर सरसकट रीडायरेक्ट लावताच ती फाइलही दुसऱ्या डोमेनवर जाते आणि मालकी रद्द होते. म्हणून आधीच डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदींमध्ये, मालकी दाखवणारा टीएक्सटी रेकॉर्ड घाला. जुन्या पत्त्यांचा साइटमॅप (पानांची यादी) काही काळ देऊन ठेवला, तर रीडायरेक्ट लवकर लक्षात येतात.

नवं डोमेनच नसेल, कंपनी बंद झाली असेल, तर प्रत्येक पत्त्यावर ४१० द्या. ४०४ (पान सापडलं नाही) हेही चालतं, फरक फार थोडा. काही फाइल उघडता याव्यात पण शोधात नकोत, उदाहरणार्थ पीडीएफ, तर एचटीटीपी हेडरमध्ये 'एक्स-रोबोट्स-टॅग: नोइंडेक्स' घाला, कारण वेबपानाच्या कोडमध्ये असतो तसा मेटा टॅग पीडीएफमध्ये लिहिता येत नाही.

"डोमेन सोडून द्या." हा सल्ला कंपनीला सर्वांत महाग पडू शकतो. डॉट कॉमसारख्या डोमेनची मुदत संपल्यावर रजिस्ट्रारनुसार (डोमेन विकणाऱ्या कंपनीनुसार) ४५ दिवसांपर्यंतचा वाढीव काळ, नंतर ३० दिवस रिडेम्प्शन (जुन्या मालकाला परत मिळवायची शेवटची संधी), ५ दिवस पेंडिंग डिलीट (काढून टाकण्याआधीची प्रतीक्षा), आणि मग ते कुणालाही घेता येतं. काही रजिस्ट्रार तर त्याआधीच लिलावात काढतात. नवा मालक त्यावर मेल सर्व्हर उभा करतो आणि जुन्या पत्त्यांवर येणारी प्रत्येक मेल त्याच्याकडे जाते: ग्राहकांची बिलं, बँकेची पत्रं, कुठल्या तरी विसरलेल्या सेवेचा पासवर्ड बदलण्याचा दुवा. तुमच्या नावाने खोटं दुकान थाटणंही त्याला सोपं जातं. शोधातून डोमेन घालवायचं आहे, हातातून नाही. गूगल रीडायरेक्ट निदान १ वर्ष ठेवायला सांगतं. आमच्या मते जुन्या पत्त्यावर मेल येतेय तोवर रिन्यू करत राहावं, आणि सोडायचंच असेल तर त्याआधी त्या मेलवर उघडलेलं प्रत्येक खातं बदलून घ्यावं.

"२४ तासांत." लपवण्याला साधारण एवढाच वेळ लागतो. पक्कं निघायला बॉटने प्रत्येक पान पुन्हा पाहावं लागतं. क्वचित पाहिल्या जाणाऱ्या पानांना महिनेही लागतात. त्या काळात गूगलमध्ये डोमेनच्या आधी 'साइट:' लावून जुनं डोमेन शोधलं की पानं दिसतात आणि लोक घाबरून रीडायरेक्ट काढून टाकतात. तसं करू नका. मुद्दाम जुना पत्ता विचारल्यावर गूगल तो बराच काळ दाखवू शकतं. त्याऐवजी सर्च कन्सोलच्या 'यूआरएल इन्स्पेक्शन'मध्ये जुना पत्ता घाला आणि गूगलने निवडलेला कॅनॉनिकल, म्हणजे तो मुख्य मानत असलेला पत्ता, कोणता ते पाहा. तिथे नवं डोमेन असेल, तर रीडायरेक्ट काम करतोय.