चेंडू, खोकं आणि झाडावरचा पोपट

एक तक्ता पालकांच्या आणि शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सतत फिरत असतो. एक खोकं, एक चेंडू. चेंडू आत असला की ‘इन’, वर असला की ‘ऑन’, खाली ‘अंडर’, मागे ‘बिहाइंड’. सोबत दावा असा: प्रत्येक इंग्रजी प्रीपोझिशनला स्वतःचं एक चित्र असतं, ते सगळ्यांना सारखंच दिसतं, वेळ आणि भावनांनाही तेच चालतं. चित्र पाठ करा, की चूक होणारच नाही. मराठी माध्यमातल्या मुलांना मी इंग्रजी शिकवते आणि हा दावा मला मान्य नाही. तो पाठ करून आलेली मुलं पुढे अडखळतात आणि दोष स्वतःकडे घेतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आधी ‘प्रत्येकाला चित्र असतं’ हे घेऊ. डोळे मिटून ‘ऑव्ह’ (of) म्हणा. काय दिसलं? ‘कप ऑव्ह टी’ म्हटलं की कप दिसतो, चहा दिसतो. मधला शब्द काहीच दाखवत नाही. आणि हेच इंग्रजीत सर्वांत जास्त वापरलं जाणारं प्रीपोझिशन! ‘ऑव्ह’ आणि ‘ऑफ’ (off) हे मुळात एकच शब्द. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘पासून दूर’ असा होता. दूर जाण्याचं ते चित्र ‘ऑफ’कडे राहिलं, ‘ऑव्ह’मधून पुसलं गेलं. ‘विथ’चा जुना अर्थ तर ‘विरुद्ध’. ‘विथस्टँड’मध्ये (विरोधात टिकून राहणं) तो अजून शिल्लक आहे. आज ‘विथ’ ऐकून कुणाच्या डोळ्यांपुढे विरोध उभा राहतो?

ज्यांना चित्र आहे असं वाटतं, त्यांचं चित्र तरी शब्दातून येतं का? भाषाशास्त्रज्ञ ईव्ह क्लार्क यांनी 1973 मध्ये लहान मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. समोर डब्यासारखी पोकळ वस्तू असली, की अगदी लहान मुलं ‘इन’ सांगा, ‘ऑन’ सांगा, वस्तू आतच टाकत. म्हणजे काय करायचं ते त्यांना डबा सांगत होता, शब्द नव्हे. तक्त्यातही तेच होतं. दिसतं ते खोकं, आणि श्रेय मिळतं ‘इन’ला.

खोकं बदलून पाहा. पुस्तक टेबलावर, घड्याळ भिंतीवर, माशी छताला खालून चिकटलेली. इंग्रजीत तिन्हीकडे ‘ऑन’. यातलं कोणतं चित्र पाठ करायचं? वाडग्यात फळं शिगोशीग रचली, तर सगळ्यात वरचं फळ काठाच्या बरंच वर असतं, तरी ते ‘इन द बाउल’. तेच फळ त्याच उंचीवर दोऱ्याने टांगलं, की ‘इन’ म्हणायला लोक कचरतात. कारण आता वाडगं त्याला धरून नाही. केनी कॉव्हेंट्री आणि सहकाऱ्यांच्या 2001 मधल्या छत्रीच्या प्रयोगात छत्री डोक्यावर कुठे आहे यापेक्षा ती पाऊस अडवते की नाही, याचा परिणाम लोक ‘ओव्हर’ हा शब्द बरोबर मानतात की नाही यावर जास्त झाला. ‘अबव्ह’ मात्र जागेकडे अधिक पाहत होतं. पाऊस अडवणं हे चेंडू-खोक्यात कुठून दिसणार?

‘सगळ्यांना सारखंच दिसतं’ हा भाग आपल्या मुलांना सर्वांत महागात पडतो. आपण अंगठी बोटात घालतो, चप्पल पायात, माळ गळ्यात. इंग्रजी माणूस अंगठी ‘ऑन’ बोट म्हणतो. आपला पोपट झाडावर बसतो. इंग्रजी पोपट ‘इन द ट्री’, फांद्या-पानांच्या आत. पण त्याच झाडाचा आंबा ‘ऑन द ट्री’. मुलगी ‘पॅरट ऑन द ट्री’ लिहिते, तेव्हा तिचं चित्र चुकलेलं नसतं. तिने मराठी डोळ्यांनी अगदी बरोबर पाहिलेलं असतं. टोपी डोक्यावर आणि पंखाही डोक्यावर, आपल्याला एकच ‘वर’ पुरतो. इंग्रजीत तिथे शब्द बदलतो. सूंजा चोई आणि मेलिसा बॉवरमन यांनी 1991 मध्ये दाखवलं, की कोरियन भाषेत बोटात अंगठी घालणं आणि कव्हरमध्ये कॅसेट बसवणं यांना एकच क्रियापद चालतं, कारण दोन्ही घट्ट बसतात. इंग्रजीत यातलं एक ‘ऑन’, दुसरं ‘इन’. आपलं ‘बोटात’ मला तरी कोरियनच्या जवळचं वाटतं.

इंग्रजांचंही आपसात कुठे जमतं? ब्रिटिश ‘अ‍ॅट द वीकेंड’ म्हणतात, अमेरिकन ‘ऑन द वीकेंड’. रांगेत उभा असलेला अमेरिकन सहसा ‘इन लाइन’ असतो, न्यू यॉर्कचा मात्र अनेकदा ‘ऑन लाइन’. रांग तीच.

वेळ आणि भावनांबद्दल फार बोलायला नको. सकाळी, सोमवारी, रात्री: आपला एक प्रत्यय. इंग्रजीत ‘इन द मॉर्निंग’, ‘ऑन मंडे’, ‘अ‍ॅट नाइट’. ‘अ‍ॅट’ म्हणजे बिंदू असं तक्ता सांगतो, पण अख्खी रात्र बिंदू कशी? ‘अफ्रेड ऑव्ह’, ‘गुड अ‍ॅट’, ‘मॅरीड टू’ यांना चित्र शोधत बसू नये. आपण कुणाशी तरी लग्न करतो, म्हणून मुलं हमखास ‘मॅरीड विथ’ लिहितात.

तक्ता अगदीच निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. ज्युडिथ जॉन्स्टन आणि डॅन स्लोबिन यांनी 1979 मध्ये इंग्रजी, इटालियन, तुर्की आणि सर्बो-क्रोएशियन मुलांचा अभ्यास केला. आत, वर, खाली हे चारही भाषांत लवकर येतं. दोहोंच्या मधे वगैरे नंतर. तेवढ्या सुरुवातीपुरता चेंडू ठीक आहे. माझ्या वर्गातही तो भिंतीवर आहे. फक्त त्याच्या शेजारी आता मुलांनी काढलेलं एक झाड आहे, त्यात पोपट आणि आंबा. पोपटाखाली ‘इन द ट्री’ आणि आंब्याखाली ‘ऑन द ट्री’, असं नामासकट पूर्ण लिहिलेलं. या आठवड्यात एक मुलगा अंगठी घातलेलं बोट काढतोय.