आत्याची शुगरची गोळी आणि पौलाची पत्रं

आत्याने आठवडाभर शुगरची गोळी घेतली नव्हती. विचारलं तर मोबाइलच पुढे केला. फॉरवर्डचं म्हणणं असं: तारण केवळ विश्वासाने, म्हणून सत्कृत्यांना किंमत नाही, औषध घेणं म्हणजे अविश्वास, प्रेषित कधी आजारीच पडले नाहीत, आणि बायबलमधलं याकोबाचं पत्र खोटं, ते इ.स. 325 मध्ये निकियाला भरलेल्या धर्माध्यक्षांच्या परिषदेत घुसडलं. खाली, ‘आमेन लिहून दहा जणांना पाठवा.’ आत्याने अकरा जणांना पाठवलंय.

आधी औषधाचं बघू, कारण त्यात जीव जाऊ शकतो. हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याने बायबलमधली प्रेषित पौलाची पत्रं वाचलेली नाहीत. फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढा: पौलाचा सोबती एपफ्रदीत आजारी पडून मरणाच्या दारात गेला होता. पौल त्याला ‘तुझा विश्वास कमी पडला’ म्हणाला का? उलट, अशांचा मान राखा असं मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चच्या लोकांना सांगतो. त्रफिम या दुसऱ्या सोबत्याला तर मिलेत शहरात आजारीच सोडून यावं लागलं. तीमथ्य या तरुण सहकाऱ्याला पोटासाठी, वरचेवरच्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलंय; त्या काळी ते औषधच. (तीमथ्याची पत्रं पौलाने स्वतः लिहिली का, यावर अभ्यासकांत वाद आहे. असू दे. ती पत्रं लिहिणाऱ्याला औषधाचं वावडं नव्हतं, एवढं पुरे.) कलस्सैकरांस पत्रात सलाम सांगणारा लूक ‘प्रिय वैद्य’ आहे. आणि खुद्द पौलाने शरीरातला काटा, म्हणजे सतत छळणारा त्रास, निघावा म्हणून देवाला तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही, कृपा पुरे आहे असं उत्तर मिळालं. मग पौलही अविश्वासी?

गंमत पुढेच आहे. औषध सोडण्यासाठी फॉरवर्डमध्ये वचन कुठलं दिलंय? ‘विश्वासाची प्रार्थना आजाऱ्याला वाचवील.’ ते याकोबाच्या पाचव्या अध्यायातलं! म्हणजे ज्या पत्राला खोटं म्हणायचं, त्याच्याच खांद्यावर बंदूक. मंडळीच्या वडीलधाऱ्यांनी तेल लावून प्रार्थना करावी असं तिथे आहे, खरंय. आमच्या मंडळीतही प्रार्थना होते. गोळी टाकून द्या, असं तिथे कुठेच नाही.

‘कृत्यांना किंमत नाही’ याबद्दल फार बोलायला नको. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातली आठवी-नववी ओवी दिलीय आणि दहावी कापलीय. दहावीत आपण सत्कृत्यांसाठीच निर्माण झालो असं आहे.

राहिलं निकिया. ती परिषद भरली, येशू देवाच्या बरोबरीचा नाही असं शिकवणाऱ्या एरियसच्या शिकवणीवरून. तिचे 20 नियम उपलब्ध आहेत, एकातही शास्त्रात कोणती पुस्तकं असावीत हा विषय नाही. आणि इजिप्तमध्ये ऑक्सिरिंकसला सापडलेला पपायरसचा तुकडा, ज्याला अभ्यासक पी20 म्हणतात, तिसऱ्या शतकातला धरतात. म्हणजे निकियाच्या आधीचा. त्यावर याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायाचा शेवट आहे, ‘कृत्यांवाचून विश्वास निर्जीव’ हाच भाग! एक मान्य करावं लागेल: याकोबाच्या पत्राबद्दल जुन्या मंडळीतही शंका होत्या, चर्चचा जुना इतिहासकार युसेबियसने ते वादग्रस्तांत धरलंय, आणि 1522 मध्ये धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने त्याला गवताचं पत्र, म्हणजे फारसं वजन नसलेलं, म्हटलं. पण शंका घेणं वेगळं, घुसडलं म्हणणं वेगळं.

आत्याने काल रात्री गोळी घेतली, कुरकुरत. आता त्या अकरा जणांना फोन करायचेत. त्यात दोघे बीपीवाले आहेत.