अर्धा वॅट

मध्यंतरी पुण्यात तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, एका पंचविशीतल्या पोरानं मला काका म्हणलं आणि वर माझी कीव केली. त्यातलं काका मी सोडून दिलंय, चव्वेचाळीस पूर्ण झालीत, डोक्यावरचं पीक निघालंय, म्हणू दे. कीव मात्र अजून पोटात तशीच आहे.

झालं असं की गेले चार महिने मी घरी बॅलन्स्ड हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर बनवतोय. का ते विचारू नका, बायकोनं विचारून झालंय. ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी एका दमात सांगतो, साध्या हेडफोनच्या पिनीला तीन भाग असतात, डावा, उजवा आणि दोघांत मिळून एक ग्राउंड, म्हणजे दोन बिऱ्हाडांत एक मोरी. बॅलन्स्डमध्ये ज्याची त्याची मोरी स्वतंत्र. डाव्याचा प्लस, डाव्याचा मायनस, उजव्याचा प्लस, उजव्याचा मायनस, अशा चार तारा आणि त्यांना चार अ‍ॅम्प्लिफायर, त्यातले दोन सरळ चालणारे आणि दोन बरोब्बर त्यांच्या उलट. व्होल्टेज दुप्पट, पॉवर चौपट, कागदावर. कागदावर खर्चही दुप्पटच होता.

सगळं जमत आलं होतं. 5532 आयसी, बीडी 139 आणि 140 ट्रान्झिस्टरच्या चार जोड्या, शंभर रेझिस्टर आणून मीटरवर एकेक मोजून त्यातले एकसारखे निवडलेले (चाळिशीनंतर त्या निळ्या रेझिस्टरवरचा तपकिरी पट्टा आणि लाल पट्टा यात फरक दिसत नाही, हे कुठल्याच सर्किटच्या कागदावर लिहिलेलं नसतं), पुढची अ‍ॅल्युमिनियमची पट्टीसुद्धा चोवीस मिलिमीटरचं एक भोक पाडून तयार. राहिला होता फक्त त्या भोकात बसायचा सॉकेट. चार पिनी एक्सएलआर.

"एक्सएलआर आहे का, चार पिनी, फीमेल, पॅनलला बसणारा?"

"काय?"

"एक्सएलआर."

"कॅनन म्हणा की मग." दुकानदार मागं न बघता म्हणाला. एक्सएलआरचं बाजारातलं नाव कॅनन. "तीन पिनी आहे."

"मला चार पिनी पाहिजे."

"तीनच असतात त्याला."

"चारचा पण येतो."

"येत असेल. आमच्याकडं तीनचा येतो."

हे इथंच संपलं असतं. पण शेजारी एक पोरगा उभा होता, काळा टीशर्ट, हातात दोन मोबाईल, खांद्यावर केबलचं वेटोळं, गणपती तीन आठवड्यांवर आलेले आणि हा चाळीस कॅनन आणि एक पिशवीभर पी-38, म्हणजे जाड ऑडिओ पिना, घेऊन हिशोबाला थांबलेला. तो म्हणाला, "चार पिनीचा असतो हो. कॅमेरावाल्यांचा, बॅटरीला लावतात." आणि मग माझ्याकडं वळून, "काका, काय बनवताय?"

"अ‍ॅम्प्लिफायर."

त्याचा चेहरा एकदम उजळला. धंद्यातला माणूस भेटला की होतं तसं. त्यानं त्याची पिशवी बाजूला सरकवून काउंटरवर मला कोपर टेकायला जागा केली. "अरे वा. किती वॅटचा?"

इथं मी खोटं बोलायला हवं होतं. दोनशे म्हणलं असतं तरी चाललं असतं, कोण घरी येऊन बघणार होतं.

"अर्धा."

"अर्धा म्हणजे? पाचशे?"

"अर्धा वॅट. पॉइंट पाच."

तो दुकानदाराकडं बघायला लागला, दुकानदार कॅल्क्युलेटरकडं. मागं एक गिऱ्हाईक एलईडीची माळ लावून बघत होतं, ते पण थांबलं.

"काका, आमच्या अ‍ॅम्पचा नुसता पंखा ह्याच्यापेक्षा जास्त खातो."

"हेडफोनचा आहे तो."

"म्हणजे किती लोकांना ऐकू जाणार?"

"एकाला."

"एकालाच?" त्यानं जरा विचार केला. "मग मोबाईललाच लावा की हेडफोन."

आता इथं गप्प बसणं शहाणपणाचं होतं, पण मला समजावून सांगायची खोड आहे. मी म्हणलं, माझा हेडफोन सेनहायझरचा एचडी 600 आहे, त्याचा इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, तीनशे ओहम आहे, त्याला करंट नाही तर व्होल्टेज लागतं. तो मनापासून हसला. "तीनशे? आमचे बेस आठ ओहमचे, जोडून लावले की चार. तीनशे दाखवत असेल तर आतनं वायर तुटलीये काका. मीटर लावून बघा."

मग मी चुकून बॅलन्स्ड हा शब्द काढला.

"बॅलन्स्ड? का, केबल किती मीटर आहे?"

"दीड."

आणि त्यानं मला, म्हणजे गेले चार महिने रात्री दोन-दोन वाजेपर्यंत हेच वाचत बसलेल्या माणसाला, तपकीर गल्लीत भर दुपारी शिकवलं. की बघा काका, स्टेजपासून मिक्सर पन्नास मीटर, मधे जनरेटर, मधे लायटिंगच्या वायरी, केबल सगळा कचरा उचलते, म्हणून दोन तारा, हॉट आणि कोल्ड, एक सरळ एक उलटी, कचरा दोन्हीत सारखाच येतो, मिक्सर दोन्हीतला फरक घेतो, कचरा गेला. "दीड मीटरवर कुठला कचरा येणार? घरात जनरेटर आहे का तुमच्या?"

वाईट ह्याचं वाटतं की तो बरोबर होता. हेडफोन काही मिक्सरचा इनपुट नाही, आणि दीड मीटरच्या जाड तारेत, एवढ्या सिग्नलपुढं, ऐकू येईल असा कचरा येतच नाही. बॅलन्स्ड केल्यानं मिळतं ते जास्तीचं व्होल्टेज आणि सामायिक मोरी गेल्यामुळं थोडा कमी क्रॉसटॉक. आणि व्होल्टेजचं म्हणाल तर एचडी 600 ला एक व्होल्ट दिला की 97 डेसिबल होतात, म्हणजे साधारण 3.3 मिलिवॅट. अर्धा वॅट त्याच्या दीडशे पट. म्हणजे माझा अ‍ॅम्प त्याला चिल्लर वाटत होता आणि खरं तर तो माझ्या कानाला दीडशे पट जास्त होता, पण हे मी तिथं बोललो नाही. मी म्हणलं, "क्रॉसटॉक कमी होतो. डाव्याचं उजव्यात जात नाही."

"आमचं सगळं मोनोच असतं," तो म्हणाला.

आणि मग त्यानं तोडगा काढला. "चारचा कशाला शोधताय, तीनचे दोन घ्या ना. एक लेफ्टला, एक राइटला. शिल्डची पिन द्या सोडून." चार पिनीचा सॉकेट रुळायच्या आधी बॅलन्स्ड हेडफोनवाले नेमकं हेच करायचे, दोन तीन-पिनी कॅनन. मला ते माहीत होतं. मला सुचलं नव्हतं. त्याला माहीत नव्हतं आणि चाळीस सेकंदात सुचलं.

दुकानदारानं भाव सांगितला तसा तो म्हणाला, "अरे काकांना माझ्या रेटनं दे. अर्धा वॅटचं काम आहे त्यांचं." अपमान झाला तो झाला, वर होलसेल भावात झाला. मी पैसे दिले आणि थँक्यू पण म्हणलं.

घरी आल्यावर आठवलं की पट्टीला भोक एकच आहे. दुसरं मी हातानं पाडलं, आधी बारीक ड्रिलनं गोल टोचून, मग कानस मारून, तीन तास. ते पंचवीसच्या पुढं गेलं आणि जरा खाली पण आलं. बायको म्हणाली नाकपुड्यांसारखं दिसतंय, सर्दी झालेल्या.

पहिल्यांदा चालू केला तेव्हा फुर्र करून धूर आला. 7815 आणि 7915, म्हणजे प्लस आणि मायनस पंधरा व्होल्ट देणारे रेग्युलेटर, दिसायला जुळे, पण पिना वेगळ्या, प्लसवाल्याचा पहिला पाय इनपुट आणि मायनसवाल्याचा पहिला पाय ग्राउंड. ज्यानं कुणी हे ठरवलं त्याला माझ्या घरी आणून तो वास द्यायला पाहिजे. मग हम, म्हणजे सतत घूं आवाज. तानपुऱ्याच्या खाली अजून एक तानपुरा, कायम सुरात नसलेला. दोन रात्री त्याच्या मागं होतो. इनपुटचा ग्राउंड दोन ठिकाणी जोडला गेला होता, तो एका ठिकाणी केला, तरी थोडा उरला, शेवटी गोल ट्रान्सफॉर्मर जागच्या जागी जरासा फिरवला आणि गेला. एवढंच. आधी कोणी सांगितलं असतं तर.

मग बायको तिचा इअरफोन घेऊन आली, म्हणाली बघू तरी काय केलंस. तिचा साधा, ईपी पिनचा, म्हणजे मोबाईलला लावायच्या बारीक पिनचा. आता ह्यात अ‍ॅडॅप्टर लावता येत नाही, कारण ती पिन दोन्ही मायनस एकत्र करते आणि इथं मायनस म्हणजे ग्राउंड नाही, दोन जिवंत अ‍ॅम्प आहेत, एकमेकांत शॉर्ट होऊन ट्रान्झिस्टर जातील. हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे चार महिने आणि साडेसात हजार घालवून तू असं काहीतरी बनवलंस जे घरात फक्त तुलाच ऐकू येतं." त्या पोराचाच प्रश्न, फक्त मराठी जरा शुद्ध.

काल रात्री निवांत बसलो. नॉब आठ वाजताच्या जागेवर, त्याच्या पुढं न्यायची हिंमत होत नाही. मारवा लावला. हम नाही, सुळसुळ नाही, गाणाऱ्यानं श्वास घेतलेला ऐकू येतो. साडेदहाला खालच्या गल्लीत मंडळाच्या स्टेजवर बॉक्स रचायला सुरुवात झाली होती. निवासी भागात रात्री 45 डेसिबल, दहानंतर उघड्यावर स्पीकर बंद, 2000 सालापासून नियम आहे, मला पाठ आहे, दरवर्षी पाठ असतो. एकदा खाली जाऊन म्हणून पण दाखवलाय. काका बसा, चहा घ्या म्हणाले. चहा घेतला. आवाज तेवढाच. इथं माणूस चार महिने एका हमच्या मागं जीव काढतो आणि खाली खिडकीच्या काचा थरथरतात आणि त्याला उत्साह म्हणायचं. आमच्या आईला गेल्या वर्षी दहा दिवस कापसाचे बोळे घालून झोपवलं. असो.

आणि एचडी 600 ओपन बॅक असतो. म्हणजे पाठीमागनं जाळीच, बाहेरचं सगळं आत येतं. पावणेअकराला मारव्याच्या कोमल रिषभावर, कुठलाही क्रॉसटॉक न होता, दोन्ही कानांत अगदी सारखं आलं, "हॅलो, हॅलो, माईक चेक, वन टू, वन टू."

आवाज ओळखीचा वाटला.