स्वतःचं पुस्तक स्वतः विकण्याबद्दल – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तुम्ही निवृत्त शिक्षक आहात असं लिहिलंय म्हणून काका म्हणतेय, चालेल ना? तुमच्या प्रतिक्रियेला तिथेच दोन ओळींत उत्तर देणार होते पण लिहायला लागले आणि लांबतच गेलं, म्हणून ही वेगळी पोस्ट. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. काकांचं म्हणणं असं की ७२च्या दुष्काळावरच्या आमच्या ग्राफिक नॉव्हेलची, म्हणजे चित्रांतून सांगितलेल्या कादंबरीची, जाहिरात मी इथे सारखी करत असते, आणि पुणे पुस्तक महोत्सवात तर स्टॉलवरून जाणाऱ्या येणाऱ्यांना हाक मारून मी पुस्तक हातात देत होते, हे लेखकाला शोभत नाही. शिवाय चित्रांच्या पुस्तकाला साडेचारशे रुपये फार झाले, त्यांच्या लहानपणी इंद्रजाल कॉमिक्स किरकोळ पैशांत मिळायचं. आणि पुस्तकात दम असता तर एखाद्या चांगल्या प्रकाशकानं ते घेतलं असतं आणि ते आपोआप खपलं असतं.

आधी किमतीचं बोलते, कारण ते हिशेबानं सांगता येतं.

इंद्रजाल माझंही आवडतं आहे, बाबांनी बांधून ठेवलेले जुने अंक घरात होते, वाचायला शिकले ती त्यातल्या वेताळावरच (इंग्रजीतला फँटम). पण ते स्वस्त का होतं ते बघा. १९६४ला ते टाइम्स ऑफ इंडियासारख्या मोठ्या समूहानं सुरू केलं, छापखाना त्यांचा, वितरण त्यांचं, आणि वेताळाची चित्रं मुळात अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांसाठी आधीच काढून झालेली होती. म्हणजे चित्रकाराच्या मेहनतीचा खर्च जगभरच्या वर्तमानपत्रांत वाटला गेलेला, इथे फक्त हक्क घ्यायचे, भाषांतर करायचं आणि इंग्रजी, हिंदी, मराठी, बंगाली अशा कितीतरी भाषांत छापायचं. आमच्या पुस्तकातलं एकेक पान मी याच पुस्तकासाठी काढलंय आणि ते फक्त मराठीत आहे.

आता आमचं पुस्तक. १६० पानं, म्हणजे सोळापानी १० फर्मे (एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेली सोळा पानं म्हणजे एक फर्मा). चार रंगांत छापलं असतं तर प्रत्येक बाजूला रंगाला एक अशा छपाईच्या चार प्लेटा लागल्या असत्या, म्हणून आम्ही काळा आणि गेरूसारखा एक तांबडा अशा दोनच रंगांत बसवलं, दुष्काळाच्या गोष्टीला ते दिसलंही चांगलं. ऑफसेटला प्लेटांचा आणि मशीन लावण्याचा खर्च ३०० प्रती काढा की ३०००, तेवढाच येतो, त्यामुळे प्रती कमी तितकी एकेक प्रत महाग. आम्ही १००० काढल्या. कागद जाड घ्यावा लागला कारण पातळ कागदावर मागच्या पानाची काळी शाई पुढे दिसते, आणि बांधणी शिलाईची केली कारण दोन पानांवर पसरलेलं चित्र नुसत्या गोंदाच्या बांधणीत मधे गिळलं जातं. एवढं सगळं करून छपाई-बांधणीचे पडले प्रतीमागे १५० रुपये. पुस्तकावर जीएसटी नसतो हे खरं आहे, पण कागदावर आणि छपाईवर आपण जो भरतो तो वळता करून मिळत नाही, तो याच १५०मध्ये मुरलेला आहे.

आता साडेचारशेतले वितरक आणि दुकानदार मिळून निम्मे घेतात. त्यात त्यांचं काही चूक आहे असं मला अजिबात वाटत नाही, त्यांना जागेचं भाडं आहे, माणसांचे पगार आहेत. पण मग उरले २२५, त्यातून छपाईचे १५० गेले, राहिले ७५. या ७५मध्ये परीक्षणासाठी पाठवलेल्या प्रती, कायद्यानं चार ग्रंथालयांना पाठवायच्या प्रती (१९५४चा कायदा आहे, कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबई, चेन्नई आणि दिल्ली, प्रकाशकानं आपल्या खर्चानं पाठवायच्या), वाहतुकीत कोपरे दुमडलेल्या प्रती, आणि शेवटी चित्रं काढणारी मी आणि अक्षरं करणारा माझा मित्र. दुकानात पुस्तक बहुतेक वेळा 'विकलं तर पैसे, नाहीतर परत' या बोलीवर असतं, त्यामुळे ते ७५ हातात यायलाही महिने जातात. स्टॉलवर मात्र दहा टक्के सवलत देऊनसुद्धा ४०५ थेट आमच्याकडे येतात, स्टॉलचं भाडं दोघातिघांत वाटून घेतलं की तिथेच काय ते सुटतं. म्हणून मी तिथे उभी होते काका, आणि पुढच्या वेळीही असणार आहे.

अक्षरांचा विषय निघालाच आहे तर एक सांगते, कारण तुम्ही 'नुसती चित्रं तर आहेत' असं म्हणालात. कॉमिक्समधली इंग्रजी अक्षरं बहुतेक कॅपिटलमध्ये असतात, सगळी एका उंचीची, ओळीखाली ओळ चिकटून बसते. आपल्याकडे वर वेलांटी, रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, पायमोडकी अक्षरं, त्यामुळे दोन ओळींत अंतर जास्त सोडावं लागतं आणि संवादाच्या त्याच फुग्यात शब्द कमी मावतात. इंग्रजीवरून भाषांतर केलेल्या कॉमिक्समध्ये अक्षरं फुग्याच्या कडेला टेकलेली दिसतात ती यामुळेच. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या गटानं बलू, मुक्त असे देखणे फॉन्ट सगळ्यांना फुकट वापरायला दिलेत, मी त्यांची ऋणी आहे, कव्हरवर आणि श्रेयनामावलीत तेच आहेत. पण खडी फोडणाऱ्या बाईचं बोलणं आणि तहसीलदाराचं बोलणं एकाच फॉन्टमध्ये आलं की दोघं एकाच तोंडानं बोलल्यासारखे वाटतात, म्हणून मित्रानं आतली सगळी अक्षरं हातानं काढली. आणि फुगे आधी, चित्र नंतर, असं काम केलं. हे तुम्ही पुस्तक उघडलंत तर पहिल्या दोन पानांत दिसेल.

आता प्रकाशकांचं. आम्ही दाखवलं होतं, लपवायचं काही नाही. जे भेटले ते सगळे आपुलकीनं बोलले. एकांनी फार सरळ सांगितलं, की एवढ्या पैशांत मी तीन कादंबऱ्या काढतो आणि त्या कुठल्या कपाटात लावायच्या ते दुकानदाराला ठाऊक असतं, हे पुस्तक तो बालसाहित्यात लावणार आणि मुलांचे आईवडील खडी केंद्रावरचं, म्हणजे दुष्काळी कामावर खडी फोडायच्या जागेवरचं, मरण बघून ते परत ठेवणार. हे म्हणणं मला पटलं, म्हणजे त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. पण कपाट नाही म्हणून पुस्तक वाईट ठरत नाही ना. ते कपाट कुणीतरी एकेक वाचक गाठून तयार करावं लागणार, आणि सध्या ते काम आमच्यासारख्यांच्या वाट्याला आलंय. ग्रंथालयांतही हाच अनुभव, दोन ठिकाणी आमचं पुस्तक बालविभागात सापडलं, ग्रंथपालबाईंशी बसून बोलले तेव्हा त्यांनी ते उचलून कादंबऱ्यांत नेलं. बोललेच नसते तर ते तिथेच राहिलं असतं.

'चांगलं असेल तर आपोआप खपेल' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय आणि ते मला आता अजिबात मान्य नाही. ओरिजित सेन यांचं 'रिव्हर ऑफ स्टोरीज' घ्या. नर्मदा आंदोलनावरचं, १९९४ला कल्पवृक्ष या पर्यावरण गटानं काढलेलं, भारतातली पहिली ग्राफिक नॉव्हेल म्हणून लोक त्याचंच नाव घेतात. ते पुस्तक वर्षानुवर्षं बाजारात मिळत नव्हतं, नवी आवृत्ती आली २०२२ला, चेन्नईच्या ब्लाफ्ट या छोट्या प्रकाशनाकडून. मधे २८ वर्षं गेली. पुस्तकात दम नव्हता असं कोण म्हणेल? एक अख्खी पिढी ते न बघता मोठी झाली, त्यात चित्रं काढणारी माझ्यासारखी कितीतरी मुलं होती, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि शोभण्याचं म्हणाल तर आपल्याकडे हे नवीन नाही हो. ज्ञानकोशकार केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचं २३ खंडांचं एवढं प्रचंड काम उभं केलं ते लिमिटेड कंपनी काढून, शेअर विकून आणि आगाऊ वर्गणीदार मिळवून. व्यंगचित्रकार शि. द. फडणीसांनी 'हसरी गॅलरी' हे आपल्या चित्रांचं प्रदर्शन लोकांपर्यंत नेलं, चित्रं बघायला लोक आपणहून येतील म्हणून घरी बसले नाहीत. आमची प्रकाशनपूर्व नोंदणी तुम्हाला 'पुस्तक नाही आणि पैसे आधी' अशी वाटली, पण ही तर मराठी प्रकाशनातली जुनी रीत आहे, तुमच्या घरात एखादा तरी संच प्रकाशनपूर्व सवलतीत घेतलेला असेलच. त्या आधी आलेल्या पैशांतूनच आम्ही कागद उचलला. ज्यांनी दिले त्यांची नावं पुस्तकात शेवटी आहेत.

स्टॉलवर मी हाक का मारते, तेही सांगते. लोक थांबतात, कव्हर बघतात, 'लहान मुलांसाठी आहे का?' विचारतात आणि माझं उत्तर यायच्या आत पुढे जातात. हाक मारून एक विशिष्ट पान उघडून दिलं, मिलोच्या, म्हणजे दुष्काळात रेशनवर मिळणाऱ्या लाल ज्वारीच्या रांगेचं किंवा सुकडी या पौष्टिक खाऊच्या वाटपाचं, की तिशीतला माणूस म्हणतो, आमची आजी सांगायची हे. मग तो उभ्या उभ्या दहा पानं वाचतो. याच महोत्सवात माण तालुक्यातल्या एक आजी नातीबरोबर आल्या होत्या, त्यांना वाचता येत नव्हतं, नात वाचून दाखवायला लागली तर म्हणाल्या थांब, मला बघू दे. आणि पाझर तलावाच्या कामाची सगळी पानं त्यांनी बोट फिरवत एकामागून एक बघितली, हातोडा कसा धरायचा, चिंधी बोटाला कुठे बांधायची, मुकादम कुठे उभा राहायचा हे नातीला सांगत. ज्यांच्यावर बेतलंय त्यांनाच अक्षरओळख नसली तरी बघता यावं, यासाठीच मी हे कादंबरी म्हणून न लिहिता चित्रांत केलं. त्यांना मी हाक मारली नसती तर त्या पलीकडच्या कॅलेंडरच्या स्टॉलकडे निघाल्या होत्या.

पीडीएफ ग्रुपवर टाका असंही सुचवलंत. पहिलं प्रकरण फुकट आहेच, या ब्लॉगवर वर उजवीकडे, कुणालाही पाठवा. पूर्ण पुस्तक टाकणार नाही. मोबाइलवर एकेक चौकट सरकवत बघितलं की दोन पानांवर पसरलेला कोरडा तलाव तुकड्यातुकड्यात दिसतो, आणि दुसरं म्हणजे पुढच्या पुस्तकाचा कागद या पुस्तकाच्या विक्रीतून येणार आहे, दुसरीकडून येणार नाही.

टपालखर्चाबद्दल तुमची तक्रार मात्र अगदी रास्त. डिसेंबर २०२४मध्ये पोस्टानं रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद केलं आणि आमच्यासारख्यांचं कंबरडंच मोडलं, कुरियरला पुस्तकाच्या किमतीच्या मानानं फार पैसे जायला लागले. १ मे २०२५पासून ज्ञान पोस्ट सुरू झालंय, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोला १०० रुपये, वर कर. रस्त्यानं किंवा रेल्वेनं जातं म्हणून वेळ लागतो, पण ट्रॅकिंग आहे. ज्यांना घाई नाही त्यांना आता आम्ही तसंच पाठवतो, ऑर्डर करताना नुसतं 'ज्ञान पोस्ट' लिहा.

शेवटी तुमचा प्रश्न, ही जाहिरात किती दिवस चालणार. पहिल्या आवृत्तीच्या प्रती संपेपर्यंत नक्की चालणार आणि मग दुसरीची सुरू होईल. तुम्ही ७२ साली नोकरीच्या पहिल्याच वर्षी दुष्काळी गावात होतात आणि शाळेत सुकडी शिजायची असं प्रतिक्रियेच्या शेवटी ओझरतं लिहिलंय. ती कशात शिजवायचे, वाटप कोण करायचं, मुलं घरून भांडं आणायची की पानावर घ्यायची, हे सवड काढून लिहाल का? पुढच्या पुस्तकात शाळा आहे आणि मला ते काढायचंय.